वेठ

दर महिन्याच्या सात तारखेच्या आसपास कॉन्ट्रॅक्टरचं पगाराचं रजिस्टर माझ्या टेबलावर यायचं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरचा एक कारखाना आहे. 1989 पासून 2020 पर्यंत मी तिथल्या टाइम ऑफिसात होतो. कंत्राटी कामगारांसाठी 1970 साली जो कायदा झाला, त्यात तेव्हा एक तरतूद होती: कंत्राटदार मजुरी वाटत असताना मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर पाहिजे आणि एवढी रक्कम दिली गेली असं त्यानं लिहून दिलं पाहिजे. आमच्याकडे तो प्रतिनिधी मी होतो. कँटीनच्या मागे टेबल टाकलं जाई. कॉन्ट्रॅक्टरचा मुनीम नोटा मोजी, कामगार सही किंवा अंगठा करी, आणि शेवटी मी रजिस्टरच्या तळाशी सही करी. माझ्या समक्ष अदा केले.

लिहिलेलं खोटं नव्हतं, पैसे माझ्यासमोरच दिले जात. पण मी ऑफिसकडे वळलो की सायकल स्टँडपाशी मुकादम उभा असे. तेच कामगार एकेक करून त्याच्यासमोर थांबत आणि हातातल्या काही नोटा परत करत. रजिस्टरात कायद्याचा दर लिहिलेला, मुकादमाशी बोली झालेली त्याहून कमी दराची. मधला फरक सायकल स्टँडवर वळता व्हायचा. पहिल्या वर्षीच हे माझ्या लक्षात आलं. मी वरच्या साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि विचारलं, "तुमची सही कुठपर्यंतची आहे? टेबलापर्यंतची. तिथपर्यंत बघा."

मी तिथपर्यंत बघत राहिलो. घरी दोन लहान मुलं होती, आई आजारी होती, ही कारणं खरी आहेत. पण पुढे पगार बँकेत जमा व्हायला लागेपर्यंत मी दर महिन्याला ती सही करत होतो, हेही तितकंच खरं आहे. आणि बँक आल्यावर काय झालं? एटीएम कार्डं मुकादमाच्या कपाटात जाऊन बसली.

हे सगळं आज लिहायला बसलो ते गेल्या सर्वपित्री अमावास्येमुळे. 21 सप्टेंबर 2025, रविवार. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी ताई आणि भाऊजी जेवायला होते. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं पानात होतं आणि कुणाचंच लक्ष पानात नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावल्याचं जाहीर केलं होतं आणि ते त्या दिवसापासून लागू होत होतं. ताईचा मुलगा न्यू जर्सीत आहे, त्याच व्हिसावर. शुल्क नव्या अर्जांना आहे, त्याला लागू नाही, हे त्यानं फोनवर तीनदा सांगितलं होतं. पण आईला असं सांगून समजतं थोडंच!

भाऊजींचा वाघोडियाला फॅब्रिकेशनचा शेड आहे. ते म्हणाले, "त्यांची पोरं काम करत नाहीत, आपली करतात. रात्र नाही, रविवार नाही. म्हणून जळतात." सगळ्यांनी मान डोलावली, मीही. मग बोलणं त्यांच्या शेडकडे वळलं, आणि दोन घास झाले असतील, भाऊजी म्हणाले, "इथली पोरं मी घेतच नाही आता. बिहारचे, ओडिशाचे बरे. सुट्टी मागत नाहीत, आठवरून नऊ वाजले तरी घड्याळ बघत नाहीत."

माझा हात थांबला. एकाच माणसानं एकाच पानावर बसून दोन वाक्यं बोलली होती आणि त्यांचा सांधा त्यांना दिसला नव्हता. वाघोडियात जी जागा भाऊजींची आहे, तीच न्यू जर्सीत त्यांच्या मुलाच्या मालकाची आहे. आणि भाऊजींच्या शेडमधल्या ओडिया पोराची जी जागा, ती त्यांच्या मुलाची. मी काही बोललो नाही. श्राद्धाच्या जेवणाला मेहुण्याशी वाद घालणं आमच्या घरात बसत नाही.

रात्री भाच्याला मी वेगळा फोन लावला. मी विचारलं तेव्हा तो आधी हसला, मग जरा वेळ गप्प राहिला. "मामा, बाबांना सांगू नका," असं म्हणून त्यानं पहिल्या तीन वर्षांची हकिगत सांगितली. तो ज्या कंपनीच्या नावावर गेला होता, ती स्वतः काही बनवत नव्हती, माणसं पुरवत होती. काम करायचं एका बँकेत. बँक आणि त्याच्यामध्ये दोन व्हेंडर. बँक तासाला जे डॉलर मोजायची त्यातले निम्म्याहून कमी त्याच्या हातात पडायचे. एक प्रोजेक्ट संपून दुसरं मिळेपर्यंत 'बेंच'वर बसावं लागे, त्यात दोन महिने पगारच नव्हता. व्हिसाच्या अर्जाची फी कायद्यानं मालकानं भरायची असते. ती त्यानं भरली, कागद स्वच्छ होता, आणि नंतर तेवढेच पैसे मालकाच्या भावाच्या खात्यात भरायला सांगितले. भाच्यानं भरले.

मी म्हटलं, "अरे, बेंचवर असलास तरी पगार द्यायचाच असतो ना?"

"असतो, मामा. कायदा तसाच आहे. पण तक्रार करून जाऊ कुठे?"

आठ हजार मैलांवरचा तो सायकल स्टँड मला लख्ख दिसला.

त्यानंतर काही आठवडे मी हा विषय वाचत बसलो, निवृत्त माणसाला वेळ असतो. अमेरिकेत 1990 च्या कायद्यानं हा व्हिसा आला. आता वर्षाला 65 हजार, शिवाय तिथं मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20 हजार, अशी मर्यादा आहे. परदेशी माणसाला स्थानिक बाजारभावानं पगार द्यायचा ही अट कायद्यातच आहे. मग तक्रार का? तर तो बाजारभाव चार पायऱ्यांमध्ये मोजतात. एका शहरात एकच काम करणारे शंभर जण पगाराप्रमाणे चढत्या ओळीत उभे केले, तर पहिली पायरी सतराव्या माणसाच्या पगाराएवढी, दुसरी चौतिसाव्याच्या. म्हणजे चारांपैकी दोन पायऱ्या मधल्या माणसाच्या खालीच आहेत. टाइम ऑफिसात आयुष्य गेलेल्याला एवढं पुरतं. दर कायदेशीर असूनही कमी असू शकतो. कमी दराची कायदेशीर वाट एकदा मिळाली की सगळी वर्दळ तिकडून सुरू होते.

म्हणून तिथल्या लोकांचा राग मला खोटा वाटत नाही. ऑर्लँडोत डिस्नेच्या सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना काढलं गेलं, ती बातमी 2015 साली जगभर गाजली. जाण्याआधी त्यांच्यापैकी अनेकांना आपली जागा घ्यायला आलेल्या, बहुतेक भारतातून आलेल्या माणसांना आपलं काम शिकवावं लागलं होतं. त्या खोलीचा मी विचार करतो. एका खुर्चीवर वीस वर्षं नोकरी केलेला माणूस, शेजारच्या खुर्चीवर आपल्यातलं कुणाचं तरी पोर. दोघांनाही मान वर करवत नसेल. आणि हा हिशेब ज्यानं मांडला तो त्या खोलीत कुठेच नाही.

बाहेरून माणूस आणण्याची दुसरी रीतही आमच्या गावानं पाहिली आहे. किंबहुना बाहेरून आलेल्या माणसांनीच हे गाव घडवलं. खुद्द सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, 1875 साली दत्तक येऊन गादीवर बसले. लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडा इंग्रज स्थापत्यकार मँट यांचा. बागा आखायला गोल्डरिंग आले, पुतळे घडवायला इटलीहून फेलिची, चित्रांसाठी केरळातून राजा रविवर्मा. 1910 साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बोर्डन इथं साधारण तीन वर्षं राहिले. तेवढ्यात संस्थानभर गावोगावी पोहोचणाऱ्या ग्रंथालयांची घडी बसवली आणि 1911 मध्ये इथल्या मुलांसाठी ग्रंथालयशास्त्राचा वर्ग काढला. मग ते परत गेले आणि काम इथल्या माणसांनी पुढे चालवलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाड काचेची फरशी आहे, वरच्या मजल्याचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो. लहानपणी त्या काचेवर पाय ठेवायला मी घाबरायचो.

ऑर्लँडोत जाणाऱ्यानं येणाऱ्याला शिकवलं. बडोद्यात आलेल्यानं असलेल्यांना शिकवलं. परका माणूस दोन्हीकडे आहे. पण बोर्डनना महाराजांनी स्वस्त म्हणून आणलं नव्हतं. जे इथं कुणाला येत नव्हतं ते त्यांना येत होतं म्हणून आणलं होतं.

आमचे आजोबाही रत्नागिरीकडून गायकवाडीत कारकून म्हणून आले. घरी आम्ही मराठी बोलतो, भाजीवाल्याशी गुजराती, आणि स्वतःला बडोदेकर म्हणवतो. बाहेरचे हा शब्द आम्ही आता दुसऱ्यांसाठी वापरतो. 2018 च्या ऑक्टोबरात उत्तर गुजरातेतल्या एका अत्याचाराच्या घटनेनंतर परप्रांतीय मजुरांवर हल्ले सुरू झाले, ते लोण बडोद्यापर्यंत आलं. माझ्या हजेरीपटावर त्या आठवड्यात खाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. स्टेशनवर बोचकी घेऊन बसलेल्यांमध्ये आमच्याकडची माणसं होती. आजोबा ज्या स्टेशनवर उतरले, तिथूनच ही माणसं परत चालली होती.

त्यांच्यातला एक ओडिशातल्या गंजामचा वाइंडर, म्हणजे कॉइल गुंडाळणारा कारागीर, होता. त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण कामसूपणा या शब्दाचा अर्थ मला त्यानं शिकवला. दोनदा शिकवला.

ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलमध्ये तांब्याच्या पट्टीवर कागद गुंडाळलेला असतो. पट्टी वळवताना कागद फाटला आणि तसाच आत गेला तर कॉइल कारखान्यातल्या टेस्टिंगला पास होऊही शकते. फाटकी जागा वर्षादोन वर्षांनी कुठल्या तरी खेड्याच्या वेशीवर, ऐन उन्हाळ्यात, पंपांचा लोड आला की बोलते. डीपी उडाली, एवढंच गावाला कळतं. एका संध्याकाळी हा पोरगा अर्ध्याहून जास्त झालेली कॉइल उलगडत बसला होता. सुपरवायझर ओरडला की पास झाली असती. तो म्हणाला, "कागज फटा था." दुसरं काही बोलला नाही. त्याला नगावर पैसे मिळायचे. त्या महिन्यात त्याचे दोन नग कमी भरले. रजिस्टरात ते मीच लिहिले.

असा माणूस पुढे कुठे पोहोचायला हवा होता? तो जिथल्या तिथे राहिला. गावाहून येताना मुकादमाकडून उचल घेतली होती, ती काही फिटेना. तारसालीला आठ जण एका खोलीत राहायचे. चार वर्षं झाली, इथलं गुजराती बोलायला लागला, बायकोला घेऊन आला, पोराला शाळेत घातलं. मग एकदा त्यानं ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागितला, कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कारखान्यांच्या कायद्यात तसं आहे. मिळाला नाही. पोराच्या तापासाठी दोन दिवस रजा मागितली, खाडा पडला. आणि मग एक दिवस मी त्याच्या मशीनवरून जाताना पाहिलं, कागद चुरगळला होता आणि त्याचं मशीन चालूच होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही ते दिसलं होतं.

सुपरवायझर म्हणाला, "हाही आता इथलाच झाला. नवीन गँग मागवा."

इथला होणं म्हणजे काय, याची एवढी अचूक व्याख्या मी दुसरीकडे ऐकली नाही. बाहेरचा कामसू असतो तो कुठवर? नाही म्हणायची सोय त्याला नसते तिथवर. उचल डोक्यावर असते, भाषा येत नाही, आजारी पडायला घरी कुणी नाही, जायला मामाचं लग्न नाही. भाच्याचंही तेच. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. असा माणूस रविवारी कामाला येणारच. त्याची निष्ठा खोटी असते असं मी म्हणणार नाही, गंजामच्या पोराची खरी होती, भाच्याचीही आहे. पण मालक ज्याचं कौतुक करतो ती निष्ठा नसते, तो त्याच्या अडकलेपणाचं कौतुक करत असतो. तो मोकळा झाला की कौतुक संपतं आणि स्टेशनवर नवी गँग उतरते.

आपल्या भाषेत यासाठी एक शब्द आहे. वेठ. पाटलाची, सरदाराची, सरकारची फुकट करावी लागणारी चाकरी ती वेठ. आणि कुणी काम कसंबसं, मन न घालता उरकलं तर आपण म्हणतो, वेठ मारली. दोन्हींना एकच शब्द. ज्यांनी तो वापरून वापरून घडवला, त्या माणसांना ठाऊक होतं की दुसरी वेठ पहिलीच्या पोटातून येते. पाट्या टाकणं हा वाक्प्रचारही असाच रोजंदारीच्या पाठीवरून आला आहे. आज आपण पोरांना पाट्या टाकू नकोस म्हणतो, पण पाटीचा दर काय ते विचारत नाही.

1982 साली दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि उड्डाणपूल उभे राहत होते. मजुरांना दिवसाचे सव्वानऊ रुपये किमान वेतन ठरलेलं होतं. ते जमादारांच्या हातून जात असे आणि जमादार डोईमागे रुपया कापून सव्वाआठ हातात ठेवत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानं बंद केलेली सक्तीची मजुरी आहे. मजूर स्वतःच्या पायांनी आला असेल, तरीही. भूक आणि गरज यांची सक्ती हीदेखील सक्तीच. हा निकाल मी निवृत्तीनंतर वाचला. मी टाइम ऑफिसात रुजू झालो तेव्हा तो सात वर्षांचा जुना होता. सायकल स्टँडवर जे चालायचं त्याला कमिशन म्हणतात असं मी समजत होतो. त्याचं नाव वेठबिगार होतं आणि त्याखाली माझी सही होती.

परक्याला घ्यावं की घेऊ नये, असा प्रश्न आता मला कुणी विचारला तर मी आधी दर विचारतो. आपल्या देशाचा स्वतःचा नियम बघा. परदेशी माणसाला भारतात नोकरीचा व्हिसा हवा असेल, तर त्याचा पगार साधारणपणे वर्षाला सव्वासोळा लाखांच्या वर असावा लागतो. सवलत थोड्यांना, उदाहरणार्थ त्या त्या देशाच्या पाककलेतले स्वयंपाकी किंवा इंग्रजीखेरीज परकीय भाषा शिकवणारे. म्हणजे आपल्या माणसाची मजुरी पाडायला बाहेरचा आणू नये, हे आपल्याला समजतं. गुजरातेत 1995 पासून शासनाचा ठराव आहे की उद्योगांनी 85 टक्के माणसं स्थानिक घ्यावीत. ही आकडेवारी भरण्याचं कामही माझ्याकडेच होतं. त्या तक्त्यात माणूस कुठला याचा रकाना होता. कितीवर ठेवला याचा नव्हता. तो एक रकाना असता आणि खरा भरला गेला असता तर ओडियाला घेण्यात मालकाला काही विशेष गोडी उरली नसती, आणि घेतला असता तर त्याच्या हातासाठी घेतला असता. इथल्या पोरालाही मग रोजगारासाठी ओडिया पोराचा राग करावा लागला नसता. मला हे इतकं सरळ दिसतं की भाऊजींना का दिसत नाही याचा त्रास होतो. भाऊजी वाईट माणूस नाहीत. कोरोनात त्यांनी शेडमधल्या पोरांना दोन महिने जेवू घातलं. पण दर वाढवा म्हटलं की म्हणतात, शेजारचा वाढवत नाही, मी एकटा मरू? त्याला माझ्याकडे उत्तर एकच आहे, शेजाऱ्यालाही वाढवायला लावणारा कायदा हवा आणि तो टेबलाच्या पलीकडेही बघणारा हवा.

गेल्या महिन्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. सकाळी साडेसातला मी कडियानाक्यावर गेलो, रोजंदारीची माणसं तिथं काम मिळण्याची वाट बघत उभी असतात. उभा राहिलो न राहिलो तोच पंधरा-वीस जणांनी वेढलं. दाहोदकडचे, झाबुआकडचे, काही बिहारचे. पन्नाशीच्या एका कारागिरानं नऊशे सांगितले, बिगारीचे सहाशे. मागून एक कोवळं पोर ओरडलं, बिगारी साडेतीनशेत येतो. बाकीच्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी ओळखली. आणि खरं सांगतो, माझं पहिलं पाऊल त्याच्या दिशेनं पडलं होतं.

मी दोघांना घेतलं, कारागीर नऊशे, पोर सहाशे. सहाशे म्हटल्यावर पोरानं कारागिराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. ते माझ्या ध्यानात राहिलं. दिवसभर काम झालं. पोराचा हात चांगला होता, कोपऱ्यातली जुनी भेग त्यानं न सांगता खरवडून मोकळी केली. संध्याकाळी मी दोघांना वेगवेगळे पैसे दिले, हातात, मोजून. पोरानं ते दोनदा मोजले.

ते जिना उतरले तसा मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दोघं वाड्याच्या दारातून बाहेर पडले, गल्लीच्या कोपऱ्यावर पोहोचले आणि थांबले. कारागिरानं हात पुढे केला. पोरानं खिशात हात घातला. मी चपला न घालताच जिना उतरायला लागलो.